भूमापन उपकरणांचा संग्रह (बेळगाव सीमाभाग)

जमीन मोजण्याची, चढ-उतार काढण्याची आणि दिशा धरण्याची जुनी उपकरणे शोधून, ओळखून जपून ठेवण्याचा छंद. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आणि खाली सुपा-कारवारकडे त्याचे रूप थोडे निराळे आहे. इतरत्र संग्राहकाची नजर पितळी थिओडोलाइटवर (कोन मोजण्याच्या दुर्बिणीवर) आणि त्यावर कोरलेल्या लंडनच्या कारागिराच्या नावावर खिळलेली असते. इथे संग्रहाची सुरुवात बहुधा गंजक्या लोखंडी साखळीपासून होते, आणि ते रास्तच आहे. इथली शेते साखळीने मोजली गेली, थिओडोलाइटने नव्हे.

मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीला १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी वळण लावले. त्या दोघांनी डेव्हिडसनसह १८४७ साली दिलेल्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यातला. या मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे एडमंड गंटरच्या १६२० सालच्या ६६ फुटी साखळीच्या बरोबर निम्मी, आणि तिचे भाग सोळा. त्यांना नाव दिले आणे. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचेही सोळा, म्हणजे गावकऱ्याला वेगळे काही शिकवायला नको. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. साखळीभर लांब आणि आणाभर रुंद पट्टा म्हणजे गुंठ्याचा एक आणा. साखळी हातात घेतल्याशिवाय हा हिशेब किती सोपा आहे ते कळत नाही.

साखळीच्या जोडीला असे तो शंकू. लाकडी काठी, तिच्या डोक्यावर काटकोनात छेदणाऱ्या दोन फटी. शेताच्या लांब कर्णावर साखळी पसरायची, शंकू रोवायचा, एका फटीतून कर्ण धरायचा आणि दुसरीतून बांधाचा कोपरा दिसेपर्यंत पुढे-मागे सरकायचे. तिथून कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजला की शेताचे त्रिकोण पडतात. कच्ची आकृती आणि आकडे टिपणात जातात. या पद्धतीचे नावच शंकू-साखळी. शंकू दिसायला इतका साधा असतो की घर आवरताना तो सरपणात जातो. म्हणून साखळ्या बऱ्याच सापडतात आणि शंकू फार थोडे.

साखळीचे वय ओळखायला तिची लांबी पुरते. तेहेतीस फुटी असेल तर महसुली मोजणीची. शंभर फुटी आणि फूटभर कड्यांची असेल तर इंजिनिअरांची : बांधकाम खाते, कालवे, रेल्वे. पुणे–लोंढा मार्ग आणि कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणारा घाट १८८० च्या दशकात आखला गेला, आणि अशा कामांत याच साखळीबरोबर डंपी लेव्हल, म्हणजे चढ-उतार काढण्याची दुर्बीण, फिरे. वीस किंवा तीस मीटरची साखळी दशमान पद्धत आल्यानंतरची, म्हणजे १९५८ च्या पुढची. भंगारात ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून विकायला येते ती बहुतेक वेळा हीच. शंभर कड्यांच्या साखळीवर दर दहा कड्यांना पितळी बिल्ला असतो. त्याला एक, दोन, तीन, चार दात आणि मधोमध गोल बिल्ला. धुळीने भरलेल्या शेतात बोटांनी चाचपूनही आकडा कळावा, म्हणून ही योजना. जुन्या साखळीची कडी झिजून ती इंच-दोन इंच लांबलेली असते, आणि लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते. म्हणून साखळी अधूनमधून प्रमाण लांबीशी ताडून पाहावी लागे. पुष्कळ साखळ्या शेवटी जनावरांच्या गळ्यात किंवा विहिरीच्या पोहऱ्याला जातात, तेव्हा मुठी आधी गहाळ होतात. दोन्ही पितळी मुठी शाबूत असतील तर ती साखळी जपून ठेवण्याजोगी.

सीमाभागात या छंदाला आणखी एक अर्थ येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्याचाच चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. सीमेचा वाद अजून न्यायालयात आहे. मोजणी त्याच्या कितीतरी आधीची. चंदगडचा गुंठा आणि खानापूरचा गुंठा एकच आहे. साखळीला कन्नडमध्ये सरपळी म्हणतात आणि गुंठ्याला गुंटे, पण टिपण, आकारबंद, हिस्सा हे शब्द थोड्या उच्चारभेदाने दोन्हीकडच्या कचेऱ्यांत तसेच चालतात. जुनी टिपणे मोडीतही आढळतात. त्यामुळे इथे मोडी वाचता येणारा संग्राहक नुसते पितळ जमवणाऱ्यापेक्षा चार पावले पुढे असतो. ते कागद मात्र सरकारी दप्तरातले असतील तर घरी आणायचे नसतात, तिथेच वाचायचे असतात.

थिओडोलाइट, डंपी लेव्हल (विल्यम ग्रॅव्हटची रचना, १८३२) आणि फलक यंत्र (जागेवरच नकाशा काढायचा तिकाटण्यावरचा फलक) हा संग्रहाचा दुसरा थर. ही उपकरणे मुख्यतः बांधकाम खात्यांच्या आणि तंत्रशिक्षण संस्थांच्या निर्लेखित, म्हणजे वापरातून काढलेल्या, मालाच्या लिलावांतून बाहेर पडतात. भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची कथा सगळ्यांना ठाऊक असते : ते सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणांची पहिली, प्रत्यक्ष मोजलेली बाजू) मोजली, त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट फ्रेंचांनी समुद्रात पकडला आणि अदबीने परत केला, पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आपटला. लॅम्बटन वारला तो मात्र आपल्या हिंगणघाटला, १८२३ साली. ती थोरली यंत्रे कुणाच्या घरी यायची नाहीत. घरी येतो तो पाच-सहा इंची चक्राचा, व्हर्निअरने (अंशाचे बारीक भाग वाचणाऱ्या सरकत्या पट्टीने) कोनाच्या वीस सेकंदांपर्यंत वाचणारा थिओडोलाइट.

असा थिओडोलाइट हाती आला की आधी दुर्बिणीत डोकवावे. मध्ये छेदणाऱ्या दोन बारीक रेघा दिसायला हव्यात. जुन्या यंत्रांत त्या कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूच्या असत. माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, सारख्या जाडीचा आणि लवचिक असा दुसरा धागा तेव्हा सहज मिळत नसे. कारागीर कोळ्याला काडीवरून खाली सोडी, लोंबता तंतू तारेच्या दुबेळक्यावर गुंडाळी, पितळी कडीवरच्या ओरखड्यांत तो अलगद बसवी आणि लाखेच्या थेंबाने चिकटवी. हा तंतू शाबूत असलेले यंत्र मिळणे भाग्याचे, कारण दुर्बिणीत फुंकर घातली तरी तो तुटतो. पाहणारा नेमकी फुंकरच घालतो.

दुसरा घात घासण्याने होतो. अंश कोरलेली पट्टी पुष्कळदा पितळेत बसवलेल्या चांदीची असते. चिंच-मीठ लावून समईसारखे यंत्र घासले की लाखेचा जुना मुलामा निघतो, रेघा बुजतात आणि हाती उरते ते दिवाणखान्यातले शोभेचे पितळ. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, हिरवा कळंक बांबूच्या काडीने उकरावा, बस. पेटीत यंत्र परत ठेवतानाही घाई नको. दुर्बीण आणि चक्र ठरावीक स्थितीत आणल्याशिवाय ते खाचेत बसत नाही, आणि झाकण दाबून लावणाऱ्यांनी आजवर अनेक यंत्रे मोडली आहेत. झाकणाच्या आतला दुकानाचा किंवा दुरुस्तीचा कागद यंत्राइतकाच मोलाचा.

बेळगाव ही छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. त्यामुळे प्रिझम लावलेली लष्करी होकायंत्रे इथल्या संग्रहांत हमखास असतात. खऱ्या मालावर रुंद बाणाचे सरकारी चिन्ह, निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि वर्ष असते. खोट्या मालावर यापेक्षाही जास्त काही असते, आणि तिथेच तो पकडला जातो. ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असे ठळक अक्षरांत कोरलेली चकचकीत पितळी होकायंत्रे बाजारात पैशाला पासरी आहेत. त्या नावाची कंपनी मुळात १९४७ साली स्थापन झाली. जुन्या लष्करी तबकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो, म्हणून काच उघडू नये. पाऱ्याच्या वायुभारमापकालाही तेच पथ्य.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येते, आणि त्या व्याख्येत विज्ञानाच्या वस्तूही आहेत. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. शेताच्या हद्दीचे दगड, हद्दखुणेचे बुरूज आणि टेकड्यांवरच्या सर्वेक्षणाच्या खुणा यांना तर हातच लावायचा नाही. त्या जागेवर असतात म्हणूनच खुणा असतात.

खानापूर-जांबोटीचा पाऊस हा काचेचा खरा वैरी. आषाढ-श्रावणात भिंगांवर कोळ्याच्या पायांसारखी बुरशी पसरते. चामड्याच्या पेटीत ती लवकर धरते, म्हणून पावसाळाभर यंत्र पेटीबाहेर, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद कपाटात ठेवावे. दुरुस्तीच्या बाबतीत मात्र बेळगावकर सुदैवी आहे. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर हरवलेला स्क्रू, मोडलेली घुंडी, तिकाटण्याची पितळी टोपी जुन्या आट्यांबरहुकूम काढून मिळते. नवा भाग जुन्यासारखा रंगवू नये. त्याच्या आतल्या अंगाला बारीक अक्षरांत वर्ष कोरावे आणि काढलेला मोडका तुकडा पुडीत बांधून पेटीतच ठेवावा.