टपाली डावांचे विश्लेषण : पार्श्वभूमी

समोरासमोर खेळलेल्या बुद्धिबळाच्या डावाचे विश्लेषण डाव संपल्यावर सुरू होते. टपाली डावाचे, म्हणजे खेळी पत्राने कळवत खेळलेल्या डावाचे, मात्र तो चालू असतानाच बरेचसे झालेले असते. पट मांडून सोंगट्या हलवून पाहण्याची आणि पुस्तके चाळण्याची मुभा खेळाडूला असते व एकेका खेळीसाठी काही दिवस हाताशी असतात. त्यामुळे अशा डावावर खेळीगणिक टिपा लिहिणाऱ्याची खरी कसोटी आधीच झालेल्या विचारातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, यात लागते.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली ती क्लबांच्या सामन्यांनी. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा येथील क्लबांमध्ये पत्राद्वारे पाच डाव झाले. एडिंबराने दोन जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. ‘स्कॉच’ या डाव सुरू करण्याच्या पद्धतीचे नाव याच सामन्यावरून पडले. पुढे १८३४ ते १८३६ दरम्यान पॅरिसने लंडनला दोन्ही डावांत हरवले, आणि राजापुढचे प्यादे एकच घर सरकवण्याच्या पॅरिसच्या उत्तराला ‘फ्रेंच बचाव’ म्हटले जाऊ लागले. विश्लेषणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा, पण कमी आठवला जाणारा सामना मद्रास आणि हैदराबाद यांच्यात १८२८-२९ मध्ये झाला. त्याचे दोन डाव, मुझिओ गँबिटच्या (डावाच्या सुरुवातीलाच घोड्याचा बळी देण्याच्या पद्धतीच्या) चिकित्सेसह, गुलाम कासीम आणि जेम्स कोक्रेन यांच्या टिपांनी १८२९ मध्ये मद्रासला छापले गेले.

टपालखर्चाच्या दृष्टीने सोयीचे पोस्टकार्ड पुढे या खेळाचे मुख्य साधन झाले. सोंगट्यांची आद्याक्षरे भाषेगणिक बदलत असल्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळी केवळ आकड्यांत लिहीत: ५२५४ म्हणजे पाचव्या उभ्या पट्टीतील दुसऱ्या घरावरची सोंगटी चौथ्या घरात. टपाली बुद्धिबळाचा आजचा जागतिक महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे सेसिल पर्डी पहिले जगज्जेते ठरले.

खेळीगणिक विश्लेषणाचा नमुना म्हणून मात्र पाचव्या जागतिक स्पर्धेतील (१९६५-६८) एस्ट्रिन-बर्लिनर हा डाव घ्यावा. ‘दोन घोड्यांचा बचाव’ ही सुरुवातीची पद्धत हा याकोव्ह एस्ट्रिन यांच्या खास अभ्यासाचा विषय होता, आणि हान्स बर्लिनर यांनी काळ्या सोंगट्यांनी त्यांना नेमके तिथेच गाठले. दहाव्या खेळीला पांढऱ्याने f3 (f या उभ्या पट्टीतील प्यादे तिसऱ्या घरात) खेळल्यावर काळ्याचा उंट आणि घोडा दोन्ही प्याद्यांच्या मारात होते; बर्लिनर यांनी दोहोंपैकी एकही न वाचवता e4 असे प्यादे पुढे ढकलले. घोडा गेला, पण पांढऱ्याचा राजा उघडा पडला. मुद्दा असा, की हल्ल्याने मात झाली नाही. डाव हत्तींच्या शेवटापर्यंत, म्हणजे राजांखेरीज मुख्यतः हत्ती आणि प्यादी उरण्यापर्यंत, गेला आणि काळ्याने तो ४२ खेळींत जिंकला. म्हणजे दहाव्या खेळीला दिलेले उद्गारचिन्ह (टिपांत उत्तम खेळीची खूण) पुढच्या तीसेक खेळींच्या हिशेबावर टिकते किंवा पडते, आणि टीपकाराला तो हिशेब चुकवता येत नाही.

१९९९ मध्ये बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोव्ह यांनी इंटरनेटवर ‘जगाविरुद्ध’, म्हणजे मतदानाने खेळी ठरवणाऱ्या लोकांविरुद्ध, खेळलेल्या ६२ खेळींच्या डावात, जो ते जिंकले, प्रतिपक्षाची चर्चा डाव चालू असताना उघडपणे होत होती. त्या बाजूच्या खेळाडू आयरिना क्रश यांचे विश्लेषण त्यात आघाडीवर होते. आता जागतिक महासंघाच्या स्पर्धांत संगणक इंजिनांची (खेळी शोधून त्यांना गुण देणाऱ्या प्रोग्रॅमांची) मदत अधिकृतपणे चालते आणि वरच्या स्तरावरील बहुसंख्य डाव बरोबरीत सुटतात. साध्या चुका शोधण्याचे काम त्यामुळे टीपकाराकडे फारसे उरलेले नाही. इंजिनाने जवळजवळ सारखेच गुण दिलेल्या तीन खेळींपैकी खेळाडूने एकच का निवडली, हे सांगणे उरले आहे, आणि माझ्या मते हे काम जुन्यापेक्षा अवघड आहे.