पलटणीत शिपाई, कोर्टात तारीख

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. समुद्रापार निघताना त्यातली ठरावीक रक्कम दरमहा घरी जावी म्हणून तो पलटणीत नाव लिहून द्यायचा. हे नाव बहुतेक वेळा बापाचं किंवा थोरल्या भावाचं असे. एकत्र कुटुंबाची रीतच ती. त्यामुळे पैसे निघाले, पोचले, पण बायकोच्या आणि पोरांच्या वाट्याला त्यातले किती आले, हा घोर खंदकातही सुटत नसे.

हे आज कळतं ते गोऱ्या सरकारच्या संशयी स्वभावामुळे. १९१४च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज मार्सेय बंदरावर उतरली आणि थोड्याच काळात शिपायांची पत्रं फोडून वाचणारी कचेरी फ्रान्समधल्या बुलोन गावी उभी राहिली. तिथले लोक पत्रांतल्या निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून वरिष्ठांना अहवाल पाठवत. मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली, अहवाल लंडनमध्ये जपून राहिले. आपलं पत्र वाचलं जातं हे शिपायांनाही ठाऊक होतं, म्हणून हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणत मिरीचा साठा संपत आल्याचं ते घरी कळवत. पण लपवाछपवीपेक्षा जास्त जागा घरच्या चौकशांनी भरली आहे: पेरण्या, लग्नं, भाऊबंदकी, जमिनीचे दावे. फ्रान्समधल्या बायका शेती आणि हिशेब दोन्ही सांभाळताना पाहून काहींनी मुलींनाही शिकवा असा लकडा घरी लावला.

यात एक अडचण होती. शिपायाला लिहिता येत नसलं की पत्र दुसऱ्याच्या हातचं असे. गावात ते मास्तर किंवा कोणी शिकलेला वाचून दाखवी, तेही घरच्या थोरामोठ्यांदेखत. 'पैसे तुझ्या हातात देतात का?' हे अशा पत्रात बायकोला कसं विचारायचं? थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, पोरांना सांभाळा. यापलीकडे ते पत्र फारसं जात नसणार, असं मला वाटतं.

फ्रान्सच्या पत्रांत पंजाबी शिपाई जास्त दिसतात. मराठा पलटणींचा मोठा भरणा मेसोपोटेमियात होता, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर कुत-अल-अमारात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला आणि शेवटी सुमारे १३,००० जण कैद झाले. कित्येक कैदी वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मेले. माणूस आहे की गेला याची खबर नाही, अशा घरात कपाळावरचं कुंकू ठेवायचं की पुसायचं हाही प्रश्नच.

सावकाराच्या कर्जात जमीन जाण्याची भीती आणखी जुनी. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यानंतर १८७९चा शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांना लागू झाला. पलटणींना माणसं देणारा मुलूखही बराचसा हाच. धनी इराकमधल्या बसऱ्याला आणि इकडे कोर्टात तारीख पडली, तर हजर कोण राहणार? शिपायाचं मन घराकडे लागलं की लढाईवर परिणाम होतो आणि भरतीही आटते, हे सरकारला पटलं. दयेपेक्षा गरज मोठी होती. युद्धकाळातच दाव्यांना आळा घालणारे नियम झाले आणि पुढे १९२५चा 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट' आला. सैनिक युद्धावर असेल तर जिल्हाधिकारी तसा दाखला कोर्टाला देऊ शकतो, दावा थांबतो, त्याच्या गैरहजेरीत लागलेला निकाल फिरवता येतो, आणि तो काळ मुदतीतून वगळतात. सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी १९१९ साली स्थापन झालेल्या सोल्जर्स बोर्डाचं आजचं रूप म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्ड. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचं सैनिक कल्याण कार्यालय याच साखळीतलं.

स्वातंत्र्यानंतर सैनिकाच्या पत्त्यावर गावाऐवजी '५६ एपीओ' असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक आला. नवरा नेमका कुठे आहे हे त्यावरून कळत नाही, पण पत्र पोचतं. १९७१चं युद्ध संपताच, १८ डिसेंबरला, शहीद आणि जायबंदी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची घोषणा लोकसभेत झाली. जुलै २०१७ पासून त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती काढली.

शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या भत्त्याची अट मात्र फारशी कुणाच्या नजरेत आली नव्हती. वीरपत्नीने पुन्हा लग्न केलं की भत्ता बंद होई. तो चालू ठेवायचा तर लग्न दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच करावं लागे. म्हणजे पैसा पुन्हा त्याच घरात. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली.