बोअरच्या बटनातला चिमूटभर कोबाल्ट

उन्हाळ्यात साक्री तालुक्यातल्या एखाद्या शेतात बोअरची गाडी लागली, की सगळे पाण्याची वाट बघतात. मी बिट बदलायची वाट बघतो. खडकावर ठोके देणाऱ्या हॅमरच्या टोकाला जो पोलादी बिट असतो, त्यावर बोराएवढी करडी बटनं बसवलेली असतात. आपला काळा पाषाण फोडतात ती हीच. पोलाद नुसतं त्यांना धरून ठेवतं.

बटन टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे टंगस्टन धातू आणि कार्बन यांच्या अतिकठीण संयुगाचं. ते वितळायला २,८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, तेव्हा ओतकाम विसरा. पावडर करायची, साच्यात दाबायची, भाजायची. पण कितीही दाबा, कणांमध्ये पोकळ्या राहतातच, आणि पोकळ बटन पहिल्याच ठोक्याला फुटेल.

म्हणून त्यात कोबाल्ट हा धातू घालतात, शंभर ग्रॅममागे सहा-दहा ग्रॅम. एकटा कोबाल्ट १,४९५ अंशांना वितळतो. कार्बाइडच्या संगतीत मात्र तेराशेच्या आसपासच पातळ होतो. तापीची कोरडी वाळू मुठीतून निसटते, ओलसर असली की तिचा लाडू वळतो. तसाच हा पातळ कोबाल्ट फटींत शिरून कणांना एकमेकांकडे ओढतो. शिवाय बारीक कण त्यात विरघळतात आणि मोठ्या कणांवर पुन्हा जमतात. तुकडा आकसत जवळपास निम्म्या घनफळाचा होतो. जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये याचं पेटंट मागितलं, तेव्हा डोक्यात बोअर नव्हती. बल्बची तार ओढायला हिऱ्याऐवजी स्वस्त साचा हवा होता!

टायटॅनियम डायबोराइड किंवा बोरॉन कार्बाइड ही बोरॉनची कठीण संयुगं याहून हट्टी. त्यांचे अणू जागचे हलायलाच तयार नसतात. मग ग्रॅफाइटच्या साच्यात तापवता तापवताच वरून दाब देतात. याला म्हणतात हॉट प्रेसिंग. तरीही बोरॉन कार्बाइडला दोन हजार अंशांच्या पुढे जावं लागतं. डायबोराइडमध्ये थोडं निकेल टाकलं, तर ते वितळून तीच ओल पुरवतं आणि भट्टी बरीच कमी तापवून भागतं.

मग धातू जास्तच का नाही घालायचा? कारण काम झाल्यावर तो कणांच्या सांध्यांत बसून राहतो. भट्टीत वापरायच्या वस्तूत तोच आधी मऊ पडतो. बटनात कोबाल्ट वाढवला तर बटन सहजी फुटत नाही, पण झिजतं लवकर.

परवा काढलेल्या बिटावरची कडेची बटनं चपटी झाली होती, फुटलेलं एकही नव्हतं. गाडीवरच्या पोराने ग्राइंडर लावून त्यांना पुन्हा गोलाई दिली आणि बिट परत चढवला.