बिलात सात तारा, एक्स-रेत दोनच: मायक्रोइलेक्ट्रोड आणि लीड

कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकाम करणाऱ्या एका काकांना कंपवात झाला. हात थरथरायचे, गोळीची वेळ टळली की अंग लाकडासारखं व्हायचं. शेवटी बाहेरगावी जाऊन डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं, म्हणजे मेंदूत खोलवर तार बसवून विजेचे हलके ठोके देण्याचं, ऑपरेशन करून आले. ऑपरेशन चांगलं झालं, पण काकूंची झोप उडाली ती एका हिशोबानं. परवा काकांना घेऊन घरी आल्या आणि फाईल माझ्यापुढं उघडून बसल्या. "हे बघ, वर पाच तारा लावल्यात, खाली दोन. झाल्या सात. आणि एक्स-रेत दोनच दिसत्यात. बाकीच्या पाच आत कुठं गेल्या गं?"

अशा ऑपरेशनांत मी रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी बसते. त्यामुळं हा प्रश्न मला नवा नाही. तरी दर वेळी वाईट वाटतं, कारण थिएटरबाहेर तासन्‌तास बसलेल्या माणसांना ही गोष्ट आधीच कुणीतरी शांतपणे सांगायला हवी असते.

बिलातल्या वरच्या पाच म्हणजे मायक्रोइलेक्ट्रोड, पेशींचं ऐकणाऱ्या तारा. खालच्या दोन म्हणजे लीड, वीज देणाऱ्या तारा. दोन्ही बारीक, दोन्ही धातूच्या, कवटीच्या एकाच भोकातून आणि पुष्कळदा एकाच नळीतून मेंदूत उतरणाऱ्या. बोलताना डॉक्टरही दोन्हींना सरसकट इलेक्ट्रोड म्हणून जातात, मग घोळ होणारच. मायक्रोइलेक्ट्रोड ऑपरेशन चालू असतानाच बाहेर काढतात, एकही आत ठेवत नाहीत. आत राहते ती लीड, मेंदूच्या एका बाजूला एक.

काकांनी उभा जन्म पोलादी पट्टीच्या भोकांतून सोन्याची तार ओढली, म्हणून मी जाडीपासून सुरुवात केली. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या नेहमीच्या लीडची जाडी १.२७ मिलिमीटर. तिच्या टोकाशी प्लॅटिनम-इरिडियमची चार कडी असतात, प्रत्येक कडं १.५ मिलिमीटर लांब. दोन कड्यांमधलं अंतर मॉडेलप्रमाणं ०.५ किंवा १.५ मिलिमीटर. वरून मऊ आवरण. हातात धरली तर शिजलेल्या शेवईसारखी लवते. मायक्रोइलेक्ट्रोड मात्र ताठ, टंगस्टनचा किंवा प्लॅटिनम-इरिडियमचा. तो सगळा आवरणाखाली झाकलेला असतो, फक्त अगदी टोक उघडं. ते उघडं टोक केसाच्या जाडीहूनही बारीक. "एवढं बारीक कशाला?" काकांनी विचारलं. सोनाराचा प्रश्न, आणि नेमका तोच कळीचा.

टोक जितकं लहान, तितक्या कमी पेशींचा आवाज, म्हणजे मशीननं आवाजात बदललेले त्यांच्या विजेचे ठोके, त्याला ऐकू येतो. खासबाग मैदानात कुस्ती लागलीय आणि तुम्ही बाहेर रस्त्यावर उभे आहात असं धरा. आतला गलका ऐकू येईल, कुस्ती रंगलीय एवढं कळेल. पण कोण काय ओरडतंय हे कळायला आत जाऊन एकाच्या मांडीला मांडी लावून बसावं लागतं. मायक्रोइलेक्ट्रोड तसा एका-दोन पेशींच्या शेजारी जाऊन बसतो. लीडचं कडं एवढं मोठं की तिथं गलकाच पोचतो. विजेच्या भाषेत, बारीक टोकाचा अडथळा लाखांच्या घरातला ओहम, तर लीडच्या कड्याचा साधारण हजाराच्या आसपास.

काकांच्या ऑपरेशनात लक्ष्य होतं सबथॅलॅमिक न्यूक्लियस, मेंदूच्या खोल भागातला जेमतेम वाटाण्याएवढा पुंजका. त्याचा नकाशा एमआरआयवरून आधी काढतात आणि डोक्याला घट्ट बसवलेल्या चौकटीनं दिशा ठरवतात. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४९ मध्ये अशी चौकट मांडली, तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही वापरात आहेत. पण कवटीला भोक पडलं की आतलं पाणी थोडं झिरपतं, मेंदू किंचित खाली बसतो आणि नकाशा मिलिमीटरभर चुकू शकतो. एवढ्या लहान जागेसाठी मिलिमीटर फार मोठा. म्हणून आधी ऐकून खात्री करायची.

पाच मायक्रोइलेक्ट्रोड एका ठोकळ्यात बसवलेले असतात. एक मधोमध, चार चार बाजूंना, मधल्यापासून २ मिलिमीटरवर. लक्ष्याच्या साधारण १० मिलिमीटर वरून ते एका छोट्या स्क्रूच्या यंत्रानं अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली सरकवत नेतात. रोग्याला बहुधा जागं ठेवलेलं असतं, कंपवाताच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून बंद. मशीनच्या स्पीकरवर सुरुवातीला तुरळक टकटक, मग शांतता. आणि अचानक पत्र्यावर जोराचा पाऊस कोसळावा तसा दाट, अनियमित आवाज भरून येतो. तो सबथॅलॅमिक न्यूक्लियस. अशा वेळी कुणी रोग्याचं मनगट धरून हळूच वाकवतं आणि त्या तालावर पेशींचा आवाज चढतो-उतरतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझा श्वास थांबतो. मनगट माणसाचं, आणि त्याची नोंद आतली एक पेशी घेतेय. साधारण पाच-सहा मिलिमीटर हा पाऊस चालतो, मग पुन्हा शांत होतं. त्याखाली लागतो सब्स्टान्शिया नायग्रा हा शेजारचा भाग, त्याचा आवाज वेगळा. जास्त जलद आणि एकसारखा.

पाचांपैकी ज्या वाटेवर पाऊस सर्वांत लांब आणि स्वच्छ ऐकू आला, तिथं थोडी वीज सोडून बघतात. मनगटाचा कडकपणा सैल झाला तर छान. तोंड एका बाजूला ओढलं गेलं किंवा बोलणं जड झालं, तर बाजूच्या तंतूंना धक्का लागतोय असा अर्थ.

मग त्या वाटेचा मायक्रोइलेक्ट्रोड वर काढतात आणि त्याच नळीतून लीड सोडतात. मऊ लीड सरळ उतरावी म्हणून तिच्या पोटात एक ताठ तार घातलेली असते, तीही नंतर ओढून काढतात. हा टप्पा दिसतो सोपा, पण ती तार निघताना लीड जरा जरी वर सरकली तर आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून आधी आणि नंतर एक्स-रे घेऊन टोक जागेवर आहे का ते पाहतात. काकूंच्या हातातल्या फोटोत टोकाशी जे चार ठिपके दिसतात, ती चार कडी.

लीडचं काम इथून पुढं. ती त्वचेखालून कानामागं जाते, तिथून जोडतार मानेच्या त्वचेखालून खाली येते आणि गळपट्टीच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला मिळते. बॅटरी सेकंदाला साधारण १३० ठोके देते. अशा जलद ठोक्यांनी थरथर दबते हे फ्रान्सच्या ग्रनोबल शहरात आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये दाखवलं, आणि आजच्या उपचाराची वाट तिथून निघाली.

काही नव्या बॅटऱ्या लीडमधून ऐकूही शकतात. पण त्यांना ऐकू येतो तो रस्त्यावरचा गलका, एकेका पेशीचा आवाज नाही. आणि काही सर्जन मायक्रोइलेक्ट्रोड वापरतच नाहीत. रोग्याला पूर्ण भूल देऊन एमआरआय किंवा सीटीच्या आधारे थेट लीड बसवतात. मेंदूत जितक्या जास्त वाटा, तितकी रक्तस्रावाची शक्यता वाढते, हे त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेण्यासारखं आहे. बिलात मायक्रोइलेक्ट्रोडची ओळ नसेल तर काही राहून गेलं असं समजू नका.

काकांचा गुडघा दुखतो, फिजिओथेरपीला जायचंय, असं निघताना काकू सहज म्हणाल्या, आणि मी त्यांना परत खाली बसवलं. मशीनचा शेक, म्हणजे डायथर्मी, शॉर्टवेव्ह असो, मायक्रोवेव्ह असो वा अल्ट्रासाऊंड, लीड बसवलेल्या माणसाला शरीरात कुठंही चालत नाही. ती ऊर्जा लीडमधून मेंदूत उतरून कड्यांपाशी ऊतक भाजू शकते. बॅटरी बंद केली तरी नाही. गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवा, ते वेगळं. एमआरआयसुद्धा लीड आणि बॅटरीचं मॉडेल बघून, त्याच्या अटी पाळूनच.

काकूंनी पर्समधून पेन काढलं. बिलावर पाचासमोर लिहिलं, 'काढल्या'. दोनासमोर लिहिलं, 'आत हायत'. मग मॉडेल नंबरचं कार्ड काकांच्या पाकिटात, आधार कार्डाच्या पुढं सरकवलं.