हेन्री द लायन

हेन्री द लायन (सु. ११३०–६ ऑगस्ट ११९५) : सॅक्सनी व बव्हेरिया या जर्मन प्रदेशांचा वेल्फ घराण्यातील ड्यूक आणि पवित्र रोमन साम्राज्यात सम्राटाखालोखाल बलाढ्य ठरलेला सरदार. त्याच्या उत्कर्षाची आणि पाडावाची कारणे रणांगणाइतकीच सोयरिकींतही सापडतात, म्हणून त्याचे चरित्र घराण्यापासून वेगळे काढून सांगता येत नाही.

त्याचा पिता हेन्री द प्राउड याच्याकडे हे दोन्ही प्रदेश होते; आई गेरट्रूड ही सम्राट तिसरा लोथार याची एकुलती एक कन्या. लोथारच्या मृत्यूनंतर राजपद जावयाकडे जाणार असे दिसत असता ११३८ मध्ये होहेनश्टाउफेन घराण्यातील तिसरा कोनराड निवडून आला आणि त्याने वेल्फांचे दोन्ही प्रदेश काढून घेतले. पुढच्याच वर्षी पिता वारला. पोरक्या नातवाचा सॅक्सनीवरील हक्क लोथारची विधवा रिशेन्झा हिने स्थानिक सरदारांना हाताशी धरून टिकवून ठेवला, आणि ११४२ मध्ये कोनराडला तो मान्य करावा लागला. त्याच तडजोडीत गेरट्रूडचा बाबेनबेर्ग घराण्यातील हेन्री यासोमिरगॉट याच्याशी पुनर्विवाह झाला. ती ११४३ मध्ये वारली.

११५२ मध्ये फ्रेडरिक बार्बारोसा राजा झाल्यावर हेन्रीचे दैव पालटले. बार्बारोसाची आई यूडिथ ही हेन्री द प्राउडची बहीण, म्हणजे नवा राजा हेन्रीचा सख्खा आतेभाऊ होता. त्याने ११५६ मध्ये हेन्रीला बव्हेरिया परत दिला आणि यासोमिरगॉटची समजूत घालण्यासाठी ऑस्ट्रिया बव्हेरियापासून तोडून स्वतंत्र डची (ड्यूकच्या सत्तेखालील प्रदेश) केली. दोघा भावांचे सख्य वीस वर्षे टिकले. या काळात हेन्रीने फ्रायझिंगच्या बिशपचा फोरिंग येथील पूल मोडून मिठाचा व्यापारी मार्ग आपल्या हद्दीतील म्यूनिककडे वळवला. ११५८ मध्ये बार्बारोसाने, आता सम्राट म्हणून, हा बदल मान्य केला, मात्र जकातीचा तिसरा हिस्सा बिशपला ठेवला. ११५९ मध्ये हेन्रीने ल्यूबेक शहर नव्याने वसवले. पूर्वेकडील ओबोट्राइट या स्लाव्ह लोकांवरील त्याच्या मोहिमा मात्र कठोर होत्या. त्यांचा प्रमुख निक्लॉट ११६० मध्ये मारला गेला. पुढे निक्लॉटचा मुलगा प्रिबिस्लाव्ह याला हेन्रीने मांडलिक म्हणून बराचसा मुलूख परत दिला, आणि प्रिबिस्लाव्हच्या मुलाशी हेन्रीच्या एका अनौरस मुलीचा विवाह झाला. मेक्लेनबुर्गचे राजघराणे याच निक्लॉटच्या वंशातले.

हेन्रीचे दोन विवाह झाले. पहिली पत्नी त्सेरिंगेन घराण्यातील क्लेमेन्शिया हिच्याशी ११६२ मध्ये काडीमोड झाला. निकटचे रक्ताचे नाते हे कारण पुढे करण्यात आले, परंतु तिचा मुलगा जगला नव्हता आणि त्सेरिंगेन घराण्याचे सम्राटाशी बिनसले होते, या गोष्टी अधिक वजनदार वाटतात. तिची मुलगी गेरट्रूड पुढे डेन्मार्कच्या सहाव्या कनूटची राणी झाली. ११६८ मध्ये मिंडेन येथे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची कन्या माटिल्डा हिच्याशी ड्यूकचा विवाह झाला. तेव्हा ती अवघी अकरा-बारा वर्षांची होती.

या विवाहाने आलेला दिमाख हेन्रीने हेल्मार्सहाउझेनच्या मठात करवून घेतलेल्या शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात दिसतो. त्यातील एका चित्रात आकाशातून उतरलेले देवाचे हात पतिपत्नींच्या मस्तकांवर मुकुट ठेवत आहेत. हेन्रीच्या मागे आईवडील व आजोबा लोथार, तर माटिल्डाच्या मागे तिचा पिता व सम्राज्ञी राहिलेली आजी उभी आहे. राजा नसलेल्या माणसाने स्वतःला असे रंगवून घ्यावे, यावरून त्याची आकांक्षा पुरेशी कळते. ब्राउनश्वाइगच्या किल्ल्यासमोर त्याने सु. ११६६ मध्ये उभारलेला काशाचा सिंहही त्याच आकांक्षेची खूण होय.

११७६ मध्ये इटलीतील मोहिमेसाठी सम्राटाने मदत मागितली असता हेन्रीने ती नाकारली. मोबदल्यात त्याला चांदीच्या खाणींचे गोस्लार हवे होते. त्याच वर्षी लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला. हेन्रीच्या पतनाची कथा सहसा या नकाराभोवती गुंफली जाते, पण त्याच्या दांडगाईने पोळलेल्या बिशपांच्या व सरदारांच्या तक्रारी त्याहून निर्णायक होत्या. वारंवार बोलावूनही तो न्यायसभेपुढे हजर झाला नाही. एप्रिल ११८० मध्ये गेल्नहाउझेन येथे सॅक्सनीची वाटणी होऊन वेस्टफालियाकडील भाग कोलोनच्या आर्चबिशपला व उरलेला आनहाल्टच्या बेर्नहार्डला मिळाला. बव्हेरिया ओटो फॉन विटेल्सबाखकडे गेला आणि त्याच्या घराण्यात १९१८ पर्यंत राहिला. ११८१ मध्ये एर्फुर्ट येथे हेन्री शरण आला. ब्राउनश्वाइग व ल्युनेबुर्गकडील खाजगी वतन तेवढे त्याला राखता आले.

११८२ मध्ये हद्दपार झालेल्या या कुटुंबाला माटिल्डाच्या पित्याने आश्रय दिला. ११८५ मध्ये हेन्री परतला, ११८९ मध्ये पुन्हा हद्दपार झाला. माटिल्डा त्याच वर्षी ब्राउनश्वाइगला वारली आणि परतलेल्या हेन्रीने, बार्बारोसा धर्मयुद्धावर असताना, बार्डोविक शहर उद्ध्वस्त केले. बार्बारोसाचा मुलगा सम्राट सहावा हेन्री याच्याशी ११९४ मध्ये झालेल्या समेटालाही एक सोयरिकच कारण ठरली : ड्यूकचा थोरला मुलगा हेन्री याने सम्राटाच्याच होहेनश्टाउफेन घराण्यातील आग्नेसशी लग्न केले होते. ड्यूक ब्राउनश्वाइग येथे वारला. संत ब्लासियसच्या चर्चमध्ये माटिल्डाशेजारी त्याची समाधी आहे.

मुलांपैकी ओटो मामा रिचर्ड द लायनहार्टच्या दरबारात वाढला आणि १२०९ मध्ये चौथा ओटो म्हणून सम्राट झाला. वंश मात्र धाकट्या विल्यमकडून चालला. त्याचा मुलगा ओटो याला १२३५ मध्ये ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गचा ड्यूक करण्यात आले, आणि १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर बसलेला पहिला जॉर्ज हा त्याचाच वंशज होता.