अल्कोहोल, निकेल आणि कॉम्प्लेक्सचा थर

नुसत्या कार्बन इलेक्ट्रोडवर मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण जवळपास होतच नाही. प्लॅटिनमवर होते, पण वाटेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागाला चिकटतो आणि प्रवाह घसरत जातो. अल्कलीतल्या निकेलची गोष्ट वेगळी. 1971-72 मध्ये फ्लायशमन, कोरिनेक आणि प्लेचर यांना दिसले, की वेगवेगळी अल्कोहोल जवळजवळ एकाच विभवाला (इलेक्ट्रोडवरच्या विद्युतदाबाला) ऑक्सिडाइज होतात, आणि तो विभव निकेल हायड्रॉक्साइडचे ऑक्सिहायड्रॉक्साइड होण्याचाच असतो. म्हणजे खरे काम हा ऑक्सिहायड्रॉक्साइड करतो. तो अल्कोहोलच्या कार्बनवरचा हायड्रोजन खेचतो (हाच मंद टप्पा), स्वतः पुन्हा हायड्रॉक्साइड होतो आणि विद्युतप्रवाह त्याला परत पूर्वपदावर आणतो.

रुथेनियम या धातूची वाट निराळी. 1980-81 मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या मेयर यांच्या गटाने पॉलिपिरिडिल कॉम्प्लेक्समधला (धातूभोवती सेंद्रिय रेणू बांधलेल्या संयुगातला) रुथेनियम(IV)-ऑक्सो, म्हणजे ऑक्सिजन जोडलेला रुथेनियम, आधी द्रावणात, मग इलेक्ट्रोडवरच्या पॉलिव्हिनाइलपिरिडिनच्या थरात वापरला. त्याने 2-प्रोपॅनॉल या अल्कोहोलचे ॲसिटोन होते.

निकेल मॅक्रोसायकलचे (वलयाकार रेणूत धरलेल्या निकेलचे) थर 1990च्या दशकात गाजले, निकेल-कर्क्युमिनचे त्यानंतर आले. हळदीत चुना घातला की लाल कुंकू होते. हळदीतले ते रंगद्रव्य म्हणजे कर्क्युमिन, आणि तेच इथे लिगंड, म्हणजे धातूला धरणारा रेणू. मात्र अल्कलीत ते लवकर विघटित होते, म्हणून द्रावण ताजेच हवे.

थर चढवायची रीत साधी: ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड 0.05 मायक्रोमीटर कणांच्या ॲल्युमिनावर घासून धुवायचा, 0.1 मोलार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये साधारण 1 मिलिमोलार कॉम्प्लेक्स घ्यायचे आणि विभव काही डझन वेळा मागेपुढे फिरवायचा. दर फेरीत प्रवाहाच्या आलेखातली निकेल(II)/(III)ची शिखरे वाढली, की थर बसतो आहे. मग कॉम्प्लेक्स नसलेल्या अल्कलीत शिखरे स्थिर करून अल्कोहोल घालायचे. फेऱ्या फार झाल्या तर थर जाड होतो, शिखरे पसरतात आणि अल्कोहोल आतपर्यंत पोहोचत नाही. वरची मर्यादा फार वाढवली तर ऑक्सिजन सुटू लागतो आणि तो प्रवाहही उत्प्रेरणाच्या खात्यात जमा होतो.

अडचण खरी अशी, की अशा बहुतेक थरांची शिखरे साध्या निकेल हायड्रॉक्साइडसारखीच दिसतात. लिगंड खरोखर काही करतो, की तो फक्त निकेल पसरवून बसवतो? दावा करण्याआधी तितक्याच निकेलचा साधा हायड्रॉक्साइड थर घेऊन तुलना करावी. मंद गतीने विभव फिरवून शिखराखालच्या प्रभारावरून दोन्ही थरांतले सक्रिय निकेल मोजता येते.