टर्नटेबलची ध्वनिसुधारणा

टर्नटेबलची ध्वनिसुधारणा : कमी किमतीच्या घरगुती टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवून वाजवणारे यंत्र) संचातून रेकॉर्डचा आवाज स्वच्छ व भरीव यावा म्हणून केली जाणारी जुळणी, देखभाल आणि सुट्या भागांची अदलाबदल. रेकॉर्डच्या खाचेतली कंपने पिन उचलते, पिन जिच्यात बसते ती छोटी डबी म्हणजे कार्ट्रिज त्यांतून काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण करते आणि फोनो प्रीअँप तो वाढवतो. पिनेने जे उचललेच नाही, ते पुढचा कितीही महागडा अँप परत आणू शकत नाही. नवा शौकीन आधी स्पीकर बदलतो. हा क्रम उलटा आहे.

स्वस्त संचांत बहुधा गोल टोकाची पिन असते. लंबवर्तुळाकार टोकाची पिन खाचेची बारीक वळणे अधिक नेमकी गिरवते. अनेक कार्ट्रिजांत नुसती पिन बदलता येते, उदा., ऑर्टोफॉन कंपनीच्या टूएम रेड कार्ट्रिजवर तिच्याच टूएम ब्लूची पिन थेट बसते. फरक सर्वाधिक ऐकू येतो तो रेकॉर्डच्या शेवटी. एलपीच्या (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डच्या) कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. वळणे तिथे दाटीने बसतात आणि ‘स’, ‘श’ फाटल्यासारखे येतात. ख्यालाच्या एलपीत द्रुत ताना नेमक्या इथेच असतात, म्हणून शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने हा खर्च सर्वांत आधी करावा.

पिनेचा भार उत्पादकाने सांगितलेलाच ठेवावा. टूएम रेडसाठी तो १.८ ग्रॅम आहे. भार कमी म्हणजे रेकॉर्डची झीज कमी, हा समज चुकीचा आहे. हलकी पिन खाचेत उसळते आणि खाचेच्या भिंती ओरबाडते. छोटा डिजिटल काटा व कागदी प्रोट्रॅक्टर (कोनमापक) यांवर भार आणि कार्ट्रिजचा कोन घरीच जुळवता येतो. काही प्राथमिक मॉडेलांत भार कारखान्यातच पक्का केलेला असतो. तिथे पिन वेळेवर बदलणे एवढेच हाती उरते.

मुंबईच्या घरांत खरी कसोटी टर्नटेबल ज्यावर ठेवायचा त्या बैठकीची. जुन्या चाळींतल्या लाकडी जमिनीवर कुणी चालले तरी पिन उडते आणि रुळांलगतच्या इमारतींत लोकलची थरथर टोनआर्मपर्यंत, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यापर्यंत, पोचते. टोनआर्म व कार्ट्रिज यांची स्वतःची कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झ असते. पावलांचे धक्के तिच्या आसपासचे असल्याने वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) पडदा आवाजाविना हलताना दिसतो. पक्क्या भिंतीत ठोकलेली फळी हा पावलांच्या धक्क्यांवरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. स्पीकर त्याच फळीवर ठेवू नयेत. टर्नटेबल स्पिरिट लेव्हलने समतल करावा.

पावसाळ्यात कव्हरांना आणि खाचांना बुरशी धरते. चोरबाजारात किंवा फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली रेकॉर्ड धुतल्याशिवाय लावू नये. घाण खाचही खराब करते आणि पिनही. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचे एक-दोन थेंब व मऊ ब्रश पुरेसे असतात, लेबल मात्र कोरडे राहिले पाहिजे. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डना अल्कोहोल कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. रेकॉर्ड उभ्या आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

रेकॉर्ड कापताना खर्ज कमी व तार स्वर वाढवून घेतलेले असतात; १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्रानुसार फोनो प्रीअँप ते पूर्ववत करतो. टर्नटेबल अँपच्या साध्या ऑक्स इनपुटला थेट जोडला की आवाज पातळ येतो, त्याचे कारण हेच; विद्युतदाब न वाढल्याने तो क्षीणही असतो. सतत घुमणारा आवाज येत असल्यास आधी अर्थची वायर तपासावी.

परदेशातून आणलेल्या जुन्या टर्नटेबलबाबत एक अडचण हमखास येते. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, आपला ५०चा. ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्ट मिळतात, पण एसी सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) असेल तर ती एक-षष्ठांश मंदच फिरते आणि मिनिटाला ३३⅓ऐवजी सुमारे २८ फेरे होतात. त्यासाठी मोटरवर ५० हर्ट्झची पुली (कप्पी) लागते. डीसी मोटरला ही अडचण नाही. वेग पडताळायला ५० हर्ट्झची स्ट्रोब तबकडी (रेघा आखलेली चकती) वापरावी. घरच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली तिच्यावरच्या १८० रेघा स्थिर दिसल्या, तर वेग बरोबर आहे.